मुलांच्या मणक्यातल्या गाठीची टीम: ऑपरेशनला पैकीच्या पैकी, डिस्चार्जला काठावर पास

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण खाली तक्रारीपण आहेत, आणि तसंही ह्यातलं बरंचसं कुठल्याही हॉस्पिटलात जाऊन विचारता येईल असं आहे. रिव्ह्यू आहे लहान मुलांच्या न्यूरोसर्जरी डिपार्टमेंटमधल्या स्पाइन ट्यूमर टीमचा. पेशंट आमची लेक, वय ६, गाठ छातीच्या मागच्या मणक्यांच्या उंचीवर, थेट मज्जारज्जूच्या आत. मुलांच्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या सगळ्या गाठी धरल्या तरी रज्जूच्या आतल्या गाठी १०० मागे १० सुद्धा नसतात, त्यामुळे बऱ्याच चांगल्या डॉक्टरांनीसुद्धा अशी केस स्वतः हाताळलेली नसते. म्हणून हे एवढं लांबलचक.

आधी निदान. ह्या टीमकडे पोचेपर्यंत जे झालं त्याचे मार्क ह्यांचे कापायचे नाहीत, पण सांगायला तर पाहिजे. आधीच्या एका क्लिनिकमध्ये "वाढीचं दुखणं आहे, होतं असं" म्हणून कॅल्शियम देऊन घरी पाठवलं, मग पोटदुखी समजून सोनोग्राफी, मग दप्तराच्या ओझ्यावर खापर. अहो वाढीचं दुखणं पायात होतं, बहुतेक दोन्ही पायात, आणि सकाळी पोरगं परत उड्या मारत असतं! पाठ दुखते म्हणून रडणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला ते लेबल लावायचंच कसं?

इथल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं की दुखणं रात्री वाढतं का, आडवं झाल्यावर जास्त होतं का, झोपेतून उठते का. तिन्हीला हो. मग अनवाणी चालायला लावलं, टाचांवर, चवड्यांवर, पोटावर चारी बाजूंनी एक काडी हलकेच ओढून बघितली (एका बाजूला पोट आक्रसलं, दुसऱ्या बाजूला काही नाही), पुढे वाकवून पाठ बघितली. पाठीला थोडा बाक होता आणि तो डावीकडे होता. नेहमीच्या स्कोलिओसिसमध्ये, म्हणजे कणा बाजूला वाकण्याच्या आजारात, छातीच्या भागातला बाक सहसा उजवीकडे असतो, डावीकडे दिसला की आत काही आहे का ते बघायला एमआरआय करतात, हे मला तेव्हा कळलं. आणि शेवटी हळूच विचारलं, कोरडी झोपणारी मुलगी परत अंथरूण ओलं करायला लागलीये का. लागली होती, आणि आधीच्या क्लिनिकमध्ये ते शाळेचं टेन्शन म्हणून उडवून लावलेलं.

एमआरआय अख्ख्या पाठीचा आणि मेंदूचापण, कॉन्ट्रास्टसकट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध). नुसता दुखणाऱ्या भागाचा काढून भागत नाही, कारण काही गाठी पाण्यातून, म्हणजे मेंदू आणि रज्जूभोवतीच्या द्रवातून, खाली-वर पसरतात. लहान मूल एवढा वेळ हलल्याशिवाय झोपत नाही म्हणून भूल द्यावी लागते. आता इथे तक्रार नंबर एक: उपाशी ठेवलेल्या मुलांची लिस्ट पुढे ढकलत राहतात आणि बाहेर कोणी सांगायला येत नाही. सिस्टरना विचारलं की "होईल हो, बसा". पण फोटो आल्यावर रेडिओलॉजिस्ट सरांनी स्वतः स्क्रीनसमोर बसवून दाखवलं, रज्जू कुठे फुगलाय, गाठ कुठली आणि तिच्या वर-खाली साठलेलं पाणी कुठलं. हे फार महत्त्वाचं, कारण आम्हाला तो अख्खा लांबडा भाग गाठ वाटला होता आणि आम्ही तिथेच खचलो होतो.

ऑपरेशन. इथे मी टीमला पैकीच्या पैकी देते आणि त्याचं कारण गाठ किती काढली हे नाही, कुठे थांबले हे आहे. पूर्वी अशा गाठींना थोडा तुकडा काढून रेडिएशन देणं हाच रिवाज होता, १९८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये फ्रेड एपस्टाइन ह्या सर्जननी मुलांच्या रज्जूतल्या गाठी मोठ्या प्रमाणात काढता येतात हे दाखवलं तेव्हापासून चित्र पालटलं. पण काढता येते म्हणून सगळीच ओरबाडायची असं नाही. आमच्या शेजारच्या बेडवरच्या मुलाला एपेन्डिमोमा, म्हणजे रज्जूच्या आतल्या पोकळीच्या अस्तरातून होणारी गाठ, होता, त्यात गाठ आणि रज्जू ह्यांच्यामध्ये बऱ्याचदा नीट फट सापडते म्हणून पूर्ण काढायचा प्रयत्न करतात. आमच्याकडे अ‍ॅस्ट्रोसायटोमाची शंका होती, ही रज्जूतल्या आधार देणाऱ्या पेशींची गाठ, तो कापडात मुरलेल्या डागासारखा असतो, कडा कुठे संपते कळत नाही.

सर्जन सरांनी आदल्या दिवशी कागदावर चित्र काढून सांगितलं. डोक्यावरून हलका करंट देऊन हातापायांचे स्नायू उत्तर देतायत का ते ऑपरेशनभर बघत राहायचं, शिवाय रज्जूवरच एक बारीक वायर ठेवून डी-वेव्ह नावाचा सिग्नल मोजायचा. स्नायूंचं उत्तर गेलं पण डी-वेव्ह टिकून आहे तर येणारा कमजोरपणा बहुतेक तात्पुरता, डी-वेव्ह निम्म्याच्या खाली गेली तर थांबायचं. ह्यासाठी भूलपण वेगळी लागते, गॅसऐवजी शिरेतून, कारण गॅसने सिग्नल दबतात, आणि स्नायू सैल करायचं औषध सुरुवातीची नळी घातल्यावर परत देत नाहीत. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "एका ठिकाणी सिग्नल पडायला लागला, आम्ही हात काढून घेतले, कोमट सलाइन टाकलं, वाट बघितली. परत आला. पुढच्या वेळी पडला तेव्हा थोडीशी पातळ पापडी तशीच ठेवली." कुठे बढाई नाही, की "सगळं काढलं" नाही. मणक्याची मागची हाडं कापून फेकून न देता परत बसवून स्क्रू-प्लेटने जोडली, म्हणजे वाढत्या वयात पाठ पुढे वाकायची भीती कमी व्हावी म्हणून. भीती पूर्ण जात नाही, एक्स-रे काढत राहावं लागतं, हेही तेव्हाच सांगितलं.

कुठे दाखवायला जाल तर हा एक प्रश्न नक्की विचारा, ऑपरेशनच्या वेळी मॉनिटरिंग कोण करणार, त्यासाठी वेगळा माणूस आहे का आणि डी-वेव्ह बघता का. उत्तर देताना गडबडले तर सेकंड ओपिनियन घ्या, बिनधास्त.

रिपोर्ट यायला वेळ लागला. सूक्ष्मदर्शकाखालचं लवकर आलं, पिलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा, ग्रेड १, म्हणजे सगळ्यात हळू वाढणारा. जीनचा रिपोर्ट उशिरा. तोपर्यंत "कॅन्सर आहे की नाही" ह्या प्रश्नाला प्रत्येक रेसिडेंट डॉक्टर वेगळं उत्तर द्यायचे, ते चीड आणणारं होतं. पण जीनच्या रिपोर्टसाठी थांबणं बरोबरच, कारण २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणापासून ह्या गाठींचं नावसुद्धा बऱ्याचदा जीन बघून ठरतं, आणि औषध तर ठरतंच. आमच्याकडे बीआरएफ फ्युजन निघालं, म्हणजे बीआरएफ नावाचा जीन दुसऱ्या जीनला जोडला गेलेला. बीआरएफ व्ही६००ई, म्हणजे त्याच जीनमधला वेगळा बदल, असतं तर डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब ही जोडी आहे, अमेरिकेत २०२३ मध्ये मुलांच्या लो-ग्रेड ग्लायोमासाठी (अशा हळू वाढणाऱ्या गाठींसाठी) मंजूर झालेली, पण फ्युजनमध्ये एकटं डॅब्राफेनिब उलटं गाठ वाढवू शकतं. उरलेली पापडी वाढलीच तर कार्बोप्लॅटिन-व्हिनक्रिस्टिनची जुनी केमो आहे, आणि फ्युजनवरसुद्धा चालणारं टोव्होराफेनिब २०२४ मध्ये तिकडे मंजूर झालंय, पण तेही गाठ परत आली किंवा आधीचं औषध चाललं नाही तर. सध्या काहीच नाही, फक्त ठरलेल्या वेळी एमआरआय. रेडिएशन शक्य तेवढं टाळायचं कारण वाढत्या मणक्यांची वाढ खुंटते.

आता डिस्चार्ज. इथे टीम एकदम ढेपाळते. ऑपरेशन रज्जूच्या मागच्या बाजूने मधोमध चीर देऊन करतात, त्यामुळे पाय कुठे आहे हे न बघता कळण्याची जी जाणीव असते ती बिघडू शकते. घरी आणल्यावर लेक पायात ताकद असूनसुद्धा सतत पायाकडे बघत चालायची आणि रात्री लाइट घालवला की जागच्या जागी कोसळायची. आम्हाला वाटलं गाठ परत आली. हे होणार आहे, फिजिओने सुधारतं, घरात रात्रीचा दिवा ठेवा, एवढं एक वाक्य कोणी सांगितलं असतं तर! लघवीचंपण तेच. मूत्राशय पूर्ण रिकामं होतंय का ते मोजायचं, नाही तर इन्फेक्शन होऊन किडनीपर्यंत जातं, हे आम्हाला फिजिओच्या ताईंनी सांगितलं, डिस्चार्ज पेपरवर फक्त "फॉलो-अप ओपीडीमध्ये". नंतर युरोलॉजीने तपासणी करून काही दिवस वेळ ठरवून कॅथेटर घालायला शिकवलं, ते शिकवणं मात्र छान, बाहुलीवर आधी, मग लेकीसमोर आरशात.

फिजिओ विभागाला वेगळे पाच स्टार. ताई तिला डोळे मिटून पायाखाली फरशी आहे की स्पंज ते ओळखायला लावायच्या, आणि ती चुकली की स्वतःपण मुद्दाम चुकायच्या.

एकूण टीमला चार. आणि जाणाऱ्यांसाठी, एमआरआयच्या फिल्म घेऊन समाधान मानू नका, पहिल्या स्कॅनपासून प्रत्येकाची सीडी मागून घ्या. पुढचं स्कॅन आदल्या स्कॅनशी जोडून बघितल्याशिवाय पापडी वाढली का हे कुणालाच सांगता येत नाही, आणि आमची दुसरी सीडी रेकॉर्ड रूममध्ये अजून सापडलेली नाही.