उघडल्यावर कळतं, आणि उघडलं की परत घेत नाहीत

घडीचे चाकू घरी खोलून साफ करणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. मला नकली चाकू विकून ज्या रीतीने फसवलं, ती आपल्यासारख्यांनाच गाठायला बेतलेली आहे.

एका ऑनलाइन दुकानातून मी स्पायडर्को कंपनीचा पॅरामिलिटरी 2 हा घडीचा चाकू घेतला. कोलोरॅडोतल्या गोल्डन गावी बनणारा हा चाकू अमेरिकेतच दीडशे डॉलरच्या वर जातो. दुकानाने साडेसतरा हजार लावले, म्हणजे शंका यावी इतका स्वस्त मुळीच नव्हता. खोका, माहितीपत्रक, पात्यावर कोळ्याचा ठसा, पोलादाचं नाव 'एस30व्ही', सगळं जागच्या जागी. बिलही मिळालं.

पहिल्यांदा खटकलं ते धार लावताना. एस30व्हीमध्ये सुमारे 4 टक्के व्हॅनेडियम हा धातू असतो. कार्बनशी जुळून बनलेले त्याचे कण, म्हणजे कार्बाइड, साध्या अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षाही कठीण, त्यामुळे असं पातं साध्या निसण्यावर चटकन दाद देत नाही, लोक हिऱ्याची प्लेट वापरतात ते म्हणूनच. हे पातं मात्र माझ्या स्वयंपाकघरातल्या निसण्यावर चार हात फिरवताच पलीकडून बोटाला लागेल एवढी किनार काढून मोकळं झालं. दोन पुठ्ठ्याची खोकी कापली, की धार पुन्हा बोथट.

मग खोलायला घेतला. ताटात पांढरं कापड, प्रत्येक पायरीचा फोटो, मापाचा टॉर्क्स (चांदणीच्या टोकाचा) बिट, आणि आट्यांतला गोंद सैल व्हावा म्हणून सोल्डरिंग आयर्नचं टोक क्षणभर स्क्रूला लावलेलं. बिट नीट बसलेला असूनही एका स्क्रूच्या डोक्यातली चांदणी मेणासारखी गोल झाली. बाकीचे निघाले. पात्याच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या या चाकूत फॉस्फर ब्रॉन्झच्या, म्हणजे तांब्याच्या एका मिश्रधातूच्या, असतात. इथल्याही पिवळ्या होत्या, पण जिथे पातं घासलं होतं तिथे पिवळेपणा उडून खालून पांढरा धातू दिसत होता. चुंबक जवळ नेला आणि चकती टक्कन चिकटली. फॉस्फर ब्रॉन्झ चुंबकाला चिकटत नाही. पात्यावर मात्र ही परीक्षा चालत नाही, कारण एस30व्ही आणि साधं चाकूचं पोलाद दोन्ही चिकटतात.

सगळ्यात वाईट होता खटका. या चाकूत पोलादाची एक पट्टी पात्याची मागची बाजू आणि आडव्या पिनेच्या मध्ये पाचरीसारखी बसते, आणि त्यामुळे उघडलेलं पातं बोटांवर मिटत नाही. इथे त्या पट्टीचं टोक एका कडेलाच टेकत होतं. पुन्हा जोडल्यावर, बोटं पात्याच्या वाटेतून दूर ठेवून, पात्याची पाठ लाकडावर हलकेच आपटली आणि खटका सुटला. माझा पुतण्या सह्याद्रीत हिंडतो, हा चाकू त्याच्यासाठी घेतला होता. पैशांपेक्षा या गोष्टीची चीड जास्त आहे.

दुकानाला फोटो पाठवले. उत्तर आलं, "दादा, तुम्ही खोललात ना, आता रिटर्न बसत नाही. स्क्रू पण तुम्हीच खराब केलाय." खेळी इथेच आहे. नकली असल्याचा पुरावा आत, आणि आत पाहिलं की हक्क गेला असं ते ठणकावून सांगतात. तो हक्क असा जात नाही. नकली माल विकणं ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली तक्रारीचीच बाब आहे, चाकू कुणी खोलला यावर ते ठरत नाही. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 ला, तक्रार नोंदवली. दुकानाने तिथेही तेच पालुपद लावलं, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क नाही.

खरेदी करणाऱ्यांना कळकळीची विनंती: पार्सल फोडण्यापासून पहिल्या वापरापर्यंत सलग व्हिडिओ घ्या, आणि पैसे देण्याआधी विक्रेत्याचा पूर्ण पत्ता पाहून ठेवा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तो दाखवणं बंधनकारक आहे. लेखी विचारा, "मी हा खोलून चकत्या तपासणार आहे, चालेल ना?" अस्सल माल विकणारा याचं सरळ उत्तर देतो. माझ्या दुकानाने माझ्या एका मित्राच्या याच प्रश्नावर त्याला ब्लॉक केलं.

चाकू मी तसाच सुट्ट्या भागांसह पिशवीत बंद करून ठेवला आहे. आयोगापुढे तोच पुरावा. एक जण म्हणाला, पुढे कुणाला तरी निम्म्या भावात खपवून टाक. तो खटका दुसऱ्या कुणाच्या बोटांवर सुटला, तर ते माझ्याच्याने सहन होणार नाही.