जीबोर्डचा क्लिपबोर्ड: तेच तेच सांगायचा कंटाळा येणाऱ्यांसाठी (दोन पावसाळ्यांचा अनुभव)

फोनवरच्या कीबोर्डचा, म्हणजे गूगलच्या जीबोर्डचा, रिव्ह्यू कोण लिहितं असं वाटेल, पण मला लिहायचाय, कारण त्यातल्या एका सोयीमुळे मी एक मुद्दा सोडून दिला नाही आणि तो मुद्दा माझ्यासाठी फार महत्त्वाचा आहे.

आमचं गाव राजापूरकडचं. गावच्या ग्रुपवर दरवर्षी लावणीच्या सुमाराला साप चावल्यावर काय करायचं ह्याचे मेसेज सुरू होतात. चीरा द्या, रक्त चोखा, वर दोरी आवळून बांधा, अमक्याकडे मंत्र आहे, तमक्या झाडाची मुळी उगाळा. आणि दरवर्षी मी लिहायचो की असं करू नका, दवाखान्यात न्या. दोन दिवस वाद, मग शांत, मग पंधरा दिवसांनी दुसरा कोणीतरी तोच मेसेज टाकणार की परत पहिल्यापासून. तिसऱ्यांदा तेच टाइप करताना माझा तोल जायचा, मी मोठ्या माणसांना काहीतरी लागेल असं बोलायचो आणि मूळ मुद्दा बाजूला राहून मी उद्धट कसा ह्यावर चर्चा व्हायची.

तर जीबोर्डमधे वरच्या पट्टीत क्लिपबोर्डचं चिन्ह असतं, ते एकदा चालू करून घ्यायचं. मग जे कॉपी कराल ते तिथे दिसतं, पण साधारण तासाभराने जातं. दाबून धरून पिन केलं की राहतं, आणि नंतर कुठल्याही ॲपमधे नुसता टच केला की सगळा मजकूर हजर. यादीत मजकुराची सुरुवातच दिसते म्हणून पहिला शब्द ओळखू येईल असा ठेवा, माझे "साप", "मंत्र" आणि "१०८" (रुग्णवाहिकेचा नंबर) असे तीन आहेत.

"साप"वाल्यात मुख्य हे आहे: माणसाला धीर द्या, चालवू नका, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, अंगठी बांगडी जोडवी लगेच काढा कारण सूज येते, चीरा नको, चोखणं नको, आवळून बांधणं नको, सरळ जिथे प्रतिसर्पविष, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, आहे अशा दवाखान्यात. सापाला मारून पिशवीत घालून न्यायचीही गरज नाही, आपल्याकडचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ह्या चौघांच्या विषावर मिळूनच असतं आणि डॉक्टर लक्षणं बघून ठरवतात. साप शोधत बसण्यात वेळ जातो आणि दुसऱ्यालाही चावू शकतो.

"मंत्र"वाला मजकूर लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण समोरचा खोटं बोलत नसतो. "आमच्या आज्जीचं विष मंत्राने उतरलं" हे त्याने डोळ्याने बघितलेलं असतं. पण आपल्याकडे धामण, दिवड, कवड्या असे बिनविषारी सापच भरपूर, आणि विषारी साप चावला तरी दरवेळी विष सोडतोच असं नाही. म्हणजे मंत्र म्हटला काय, न म्हटला काय, ती माणसं वाचणारच होती. ज्यांना खरंच विष भिनलं आणि जी गेली त्यांच्याबद्दल "उशीर झाला" म्हणतात, मंत्राला कोणी दोष देत नाही. हे समजावायला सहा ओळी लागतात आणि त्या सहा ओळी रागात नीट लिहिता येत नाहीत, शांत डोक्याने एकदा लिहून पिन करून ठेवल्या म्हणूनच आज वापरता येतायत.

आता महत्त्वाचं. जसंच्या तसं पेस्ट करू नका. मी पहिल्या पावसाळ्यात तेच केलं आणि लोक पहिली ओळ ओळखून पुढे सरकायला लागले. आता वरच्या दोन ओळी दरवेळी नव्या असतात, त्या त्या माणसाला धरून, "काका तुम्ही म्हणता ते बरोबर, पूर्वी दवाखाना लांब होता" अशा. बऱ्याचदा मराठी व्हॉइस टायपिंगने बोलूनच टाकतो. मधला गाभा मात्र तोच, शब्दाला शब्द, म्हणजे कोणाला वाटायला नको की हा दरवेळी वेगळं सांगतो. दुसरं, चुकीची गोष्ट खोडायची म्हणून तीच आधी परत लिहू नका. सारखं कानावर पडलेलं खरं वाटायला लागतं, हे १९७७ पासून मानसशास्त्रात प्रयोगाने दाखवलेलं आहे. म्हणून आधी बरोबर काय ते, चुकीचं नंतर आणि थोडक्यात.

"किती वेळा तेच सांगशील, पालथ्या घड्यावर पाणी आहे" असं मला घरातूनच ऐकवलंय. जो वाद घालतो त्याच्यापुरतं ते खरं असेल. आमच्या ग्रुपवर बोलणारे आठ-दहा आहेत, बाकीचे नुसते वाचणारे, त्यातले निम्मे तर कधीतरीच उघडणारे. काल आरती झाली म्हणून आज कोणी सोडत नाही, आणि आज देवळात आलेला माणूस काल आलेलाच असतो असंही नाही.

मागच्या श्रावणात एका चुलत वहिनींचा फोन आला, ज्यांनी ग्रुपवर आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही. विचारत होत्या, "भावोजी, ती सापाची लस आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात असते का? रात्री पण देतात का?" मी म्हटलं काय झालं, तर झालं काहीच नव्हतं. ग्रुप म्यूटवर होता, त्या दिवशी सहज उघडला आणि मण्यारीचं वाचलं, की ती रात्री झोपेत चावते, चावल्याचं कळतही नाही, दुखत नाही, सुजत नाही आणि पहाटे पोटात दुखायला लागतं. त्यांची मुलं पडवीत जमिनीवर झोपायची. तोच मजकूर मी त्याआधी किमान पाच वेळा टाकला होता, त्यांनी मात्र पहिल्यांदाच वाचला.

देशात २००० ते २०१९ मधे सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, वर्षाला सरासरी ५८ हजार, बहुतेक खेड्यातली, आणि साधारण निम्मी पावसाळ्यातली. औषध आपल्या देशातच बनतं. माणूस वेळेत दवाखान्यात पोचायला हवा, आणि तो वेळ बऱ्याचदा मुळी उगाळण्यात जातो.

माझ्याकडून पाचपैकी पाच. फुकट आहे, मराठीत नीट चालतं. वहिनींनी दवाखान्याचा नंबर आणि १०८ खडूने पडवीच्या भिंतीवर लिहिलाय, मुलं आता खाटेवर झोपतात, मच्छरदाणी गादीखाली खोचून.