क्लब फुटबॉलचा पहिला हंगाम: सरावाला दहापैकी नऊ, सामन्यांना चार

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. शाळेच्या संघातून खेळायची. मागच्या हंगामाच्या सुरुवातीला ट्रायल देऊन एका क्लबच्या १३ वर्षांखालील स्पर्धात्मक संघात आली. आठवड्यातून तीन सराव, सुट्टीच्या दिवशी लीगचा सामना, मध्येमध्ये टूर्नामेंट. आता हंगाम संपलाय आणि मुलांना क्लबमध्ये घालायच्या विचारात असलेले बरेच पालक विचारतात, कसं आहे, घालावं का? क्लबचं नाव देणार नाही, पण जे दिसलं ते सविस्तर सांगते. सराव मला मनापासून आवडला. सामन्याच्या दिवशी मात्र, विशेषतः निकाल महत्त्वाचा झाला की, हाच क्लब स्वतःच शिकवलेलं विसरतो.

आधी सरावाबद्दल, कारण खरी कमाई तिथेच झाली. क्लब बघायला जाल तेव्हा जिंकलेल्या कपांची यादी ऐकत बसू नका. एक पूर्ण सराव बघा आणि सगळा वेळ एकाच मुलावर नजर ठेवा. चेंडू त्याच्या पायाशी किती वेळा येतो? रांगेत तो किती वेळ उभा असतो? शाळेत पंधरा मुली एका रांगेत, एक चेंडू, एकेकीने पुढे जाऊन गोलवर मारायचं आणि परत रांगेच्या शेपटाला. इथे रांग जवळजवळ दिसतच नाही. मैदानात पाऊल टाकलं की प्रत्येकीला स्वतःचा चेंडू. मग रोन्डो, म्हणजे बाहेर चार-पाच जणींनी पास खेळत राहायचं आणि मधल्या एक-दोघींनी तो हिसकायचा. त्यानंतर छोट्या मैदानावर चार विरुद्ध चार, आणि शेवटी मोठा सामना. चार विरुद्ध चारमध्ये एका चेंडूमागे आठ जणी असतात, पूर्ण संघांच्या सामन्यात बावीस. लहान खेळात चेंडू जास्त वेळा मिळतो हे उघडच आहे. पण दर काही सेकंदांनी ‘आता काय करू’ हे स्वतः ठरवावं लागतं, याची किंमत मला जास्त वाटते. जर्मनीने २०२४-२५ च्या हंगामापासून लहान वयोगटांसाठी छोट्या संघांचे आणि छोट्या गोलांचे सामने देशभर लागू केले, त्यामागे हाच विचार आहे.

एक गोष्ट जवळून सांगते. सुरुवातीला मुलगी पास घेताना पास देणारीकडेच तोंड करून उभी राहायची. चेंडू जवळच्या पायाने जागीच थांबवायची, मग मान वर करायची, आणि तोवर प्रतिस्पर्धी अंगावर आलेली असायची. कोचनी एकदा खेळ थांबवून विचारलं, “चेंडू यायच्या आधी तुझ्या मागे कोण होतं?”

“माहीत नाही, सर.”

“बघितलंस?”

“नाही.”

“मग पुढच्या वेळी बघ आणि मला सांग.”

बस, एवढंच. ‘असं उभी राहा, इकडे वळ’ काही नाही. पुढचे काही सराव ते तिच्या मागे उभे राहून हाताची बोटं दाखवायचे. चेंडू पायाशी पोचायच्या आत खांद्यावरून मागे बघून किती बोटं आहेत ते तिने ओरडून सांगायचं. दोनेक महिन्यांत सवय लागली. आता ती अर्धी वळून उभी राहते, चेंडू लांबच्या पायावर घेते आणि पहिल्याच टचला मोकळ्या जागेकडे निघते. हे स्कोअरबोर्डवर दिसत नाही, म्हणून पालकांच्या लक्षातही येत नाही. पण खेळाडू घडतो तो इथे. डाव्या पायाचंही तसंच. तो आता निदान पास देण्यापुरता तरी भरवशाचा झालाय.

ट्रायलविषयी बोलायलाच हवं. मुलगी डिसेंबरातली आहे. वयोगट १ जानेवारीपासून मोजला जातो, म्हणजे संघातल्या जानेवारीतल्या मुलीपेक्षा ती जवळपास वर्षभराने लहान. बाराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे उंची, ताकद, वेग सगळ्यातच फरक. युवा फुटबॉलमध्ये निवडलेल्या संघांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेली मुलं प्रमाणाबाहेर जास्त असतात, हे देशोदेशी वारंवार दिसून आलंय. मुलींमध्ये हा परिणाम मुलांइतका तीव्र नसतो, पण असतो. आमच्या क्लबला याची जाणीव आहे आणि त्याबद्दल त्यांचं कौतुक. निवड करणाऱ्यांच्या हातातल्या कागदावर प्रत्येकीची जन्मतारीख लिहिलेली होती. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक डच अभ्यास वेगळंच सांगतो. नुसत्या जन्मतारखा हातात देऊन स्काउटांचा (खेळाडू हेरणाऱ्यांचा) वयाने मोठ्या मुलांकडचा कल बदलला नाही. जर्सीचे क्रमांकच वयाच्या क्रमाने दिले आणि तसं आधी सांगितलं, तेव्हा कल नाहीसा झाला. खेळ बघताना कागदाकडे कोण बघतं? पाठीवरचा आकडा मात्र सारखा डोळ्यासमोर असतो. मी हे क्लबच्या समन्वयकांना सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या ट्रायलला करून बघू म्हणाले. याला खर्च काहीच नाही, त्यामुळे कुठल्याही क्लबकडे आग्रह धरायला हरकत नाही.

हंगामाच्या मध्यावर काही मुलींना ‘ब’ संघात पाठवलं. संघ बदलणं मला गैर वाटत नाही, खालच्या संघात भरपूर खेळायला मिळणं कधीकधी चांगलंच. पण ते कळवलं कसं, तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यादी टाकून. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला आपलं नाव यादीत नाही हे मैत्रिणीकडून कळावं? कोचने पाच मिनिटं समोर बसून कारण आणि पुढची वाट सांगितली असती तर त्या मुली वेगळ्या मनाने खेळल्या असत्या. त्यातल्या एकीने नंतर खेळणंच सोडलं, याचं मला अजून वाईट वाटतं. इंग्लंडचा स्ट्रायकर हॅरी केन याला आर्सेनल क्लबने लहानपणीच, आठ-नऊ वर्षांचा असताना सोडलं होतं. फ्रान्सचा खेळाडू ग्रीझमन याला फ्रान्समधल्या एकामागून एक क्लबांनी चणीवरून नाकारलं आणि तो स्पेनमध्ये रेआल सोसिएदादमध्ये घडला. या वयातली निवड म्हणजे त्या दिवसापुरता अंदाज, आणि मुलांना तो तसाच सांगितला पाहिजे.

आता सामने. आमच्या लीगमध्ये १३ वर्षांखालील गटात मुली नऊ विरुद्ध नऊमधून अकरा विरुद्ध अकरामध्ये येतात, आणि ही उडी वाटते त्याहून मोठी आहे. मैदान वाढतंच, शिवाय गोल थेट मोठ्यांच्या मापाचा होतो: ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. बारा वर्षांच्या गोलकीपरने कितीही उंच उडी मारली तरी वरचा भाग उघडाच राहतो. मग जिंकायचा सोपा मार्ग काय? मागे एक दणकट मुलगी ठेवा, तिने लांब मारायचं, पुढे एक वेगवान मुलगी ठेवा, तिने धावायचं आणि गोलच्या वरच्या भागात चेंडू टाकायचा. आमच्या लीगमधले काही संघ पूर्ण हंगाम असेच खेळले आणि तक्त्यात वरही राहिले.

आमच्या कोचनी पहिले काही महिने याला ठाम नकार दिला. गोलकीपरने जवळच्या बॅककडे, म्हणजे बचावातल्या मुलीकडे, पास द्यायचा आणि तिथून खेळ बांधत न्यायचा. २०१९ पासून नियमही याला अनुकूल आहे. गोल-किकचा, म्हणजे स्वतःच्या गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करतानाचा, चेंडू आता पेनल्टी क्षेत्राबाहेर (गोलसमोरच्या मोठ्या चौकटीबाहेर) जायची वाट बघावी लागत नाही, आपली खेळाडू तो आतच घेऊ शकते. यात आम्ही गोल खाल्ले. चेंडू स्वतःच्या गोलसमोर हरवला की कडेला उभे असलेले पालक हळहळायचे, कुजबुजायचे. कोच बदलले नाहीत. पालकांच्या बैठकीत त्यांनी साफ सांगितलं, “आत्ता गोल खाल्लेले चालतील. सोळाव्या वर्षी चेंडू नकोसा वाटायला लागला तर चालणार नाही.” त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या दिवशी फार वाढला.

पण लीगच्या शेवटच्या टप्प्यात तक्ता चुरशीचा झाला आणि टूर्नामेंटसाठी क्लबचे वरिष्ठ कोच टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, आले, तेव्हा हे सगळं गुंडाळून ठेवलं गेलं. “मार लांब!”, “पास दे!”, “मागे ये, मागे!” असा बाहेरून अखंड मारा. एका उपांत्य सामन्यातला क्षण मी विसरणार नाही. मुलीने चेंडू अर्ध्या वळणावर घेतला, अगदी सरावात शिकली तसा. समोर वीस-एक पावलं जागा मोकळी, उजवीकडे विंगर, म्हणजे कडेने खेळणारी मुलगी, धावत निघालेली. आणि हिने मान वर करून कुठे बघावं? टचलाइनकडे. “मार!” ऐकू आलं, तिने मारला, चेंडू थेट प्रतिस्पर्धी गोलकीपरच्या हातात. मागे बघ, आजूबाजूला बघ, स्वतः ठरव हे शिकवायला महिने लागले, आणि टचलाइनवरच्या आवाजाने ते काही मिनिटांत पुसलं. सामना आम्ही जिंकलो. घरी येताना मुलगी गप्प होती. मी विचारल्यावर म्हणाली, “मला ती दिसली होती, आई.”

बेंचचंही तेच. क्लबच्या माहितीपत्रकात लिहिलंय की या वयोगटात प्रत्येकीला किमान अर्धा सामना मिळेल. लीगमध्ये बराच काळ हे पाळलं गेलं. टूर्नामेंटमध्ये काही मुली शेवटच्या पाच मिनिटांसाठी उतरल्या, एक तर उतरलीच नाही. आम्ही काही पालकांनी मिळून समन्वयकांना लिहिलं. भांडण नाही, फक्त त्यांचंच वाक्य त्यांच्यासमोर ठेवलं. त्यानंतर दर सामन्याची मिनिटं नोंदवून पालकांना पाठवायला सुरुवात झाली. आकडे अजून समान नाहीत, पण लपलेले तरी नाहीत. क्लब शोधत असाल तर हे आधीच विचारा: मिनिटांची नोंद ठेवता का, मागच्या हंगामाची दाखवाल का? यावर उत्तर टाळणाऱ्या क्लबमध्ये मी मुलीला घालणार नाही. नॉर्वेने १९८७ पासून लहान मुलांच्या खेळासाठी नियमच केलेत. लहान वयात निकालांचे तक्ते नाहीत, राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. त्याच नॉर्वेतून हालांड आणि ओडेगार्ड यांच्यासारखे नामवंत फुटबॉलपटू आले. तक्ता नसला तर मुलं मऊ होतात असं ज्यांना वाटतं त्यांनी याचा विचार करावा.

दुखापतींच्या बाबतीत क्लब चांगला आहे. प्रत्येक सरावाची पहिली वीस मिनिटं फिफाने तयार केलेल्या ‘११+’ वॉर्म-अपची: धावणं, मग प्लँक, एका पायावर तोल, स्क्वॉट, उड्या आणि गुडघे आत न वळवता नीट उतरणं. मुलींना कंटाळा येतो, कोच सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुलींवर झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या वॉर्म-अपने गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आणल्या होत्या. वयात येणाऱ्या मुलींना गुडघ्याच्या लिगामेंटच्या (हाडं जोडणाऱ्या बंधांच्या) दुखापतीचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, म्हणून मुलीच्या पालकांनी हा प्रश्न नक्की विचारावा. हेडिंगचा, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याचा, सरावही इथे अगदी मोजका असतो.

मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वात वेगाने वाढते, मुलांची चौदाव्याच्या. आमच्याकडेही तसंच झालं. काही महिन्यांत बूट लहान झाले, धावणं अवघडल्यासारखं दिसू लागलं आणि गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं. डॉक्टरांनी ऑसगूड-श्लाटर म्हणजे वाढीच्या वयातलं दुखणं असल्याचं सांगितलं. कोचना कळवल्यावर त्यांनी लगेच तिच्या उड्या आणि वेगाचं धावणं कमी केलं, पासिंगचं काम वाढवलं, आणि या काळात खेळ विस्कळीत दिसणारच असं तिला आधीच सांगून ठेवलं. तेवढ्या एका वाक्याने तिचा धीर टिकला. पण त्याच काळात दोन दिवसांत चार सामन्यांची टूर्नामेंट आली आणि ‘येणार ना?’ म्हणून फोनही आले. आम्ही पाठवलं नाही. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने २०१६ साली सांगितलंय की एकच खेळ खेळणाऱ्या मुलांना वर्षातून एकूण तीन महिने त्या खेळापासून सुट्टी द्यावी, महिन्या-महिन्याच्या तुकड्यांत, आणि आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती. क्लबच्या कॅलेंडरमध्ये या तीन महिन्यांना जागाच नाही. ती पालकांनाच काढावी लागते.

बाकीचं थोडक्यात. कोचकडे लायसन्स आहे का एवढंच विचारू नका, कोणत्या स्तराचं आहे आणि तेच कोच तुमच्या मुलाच्या संघावर पूर्ण हंगाम असणार का, हेही विचारा. गोलकीपरसाठी वेगळा कोच आठवड्यातून एकदाच येतो, ते कमी आहे. वर्षभराच्या फीमध्ये टूर्नामेंट, प्रवास आणि किट धरलेलं नसतं. पूर्ण वर्षाचा एकूण आकडा लेखी मागा. आणि मूल कोणकोणत्या जागी खेळेल हेही विचारा. आमची हंगामभर बॅक, मिडफिल्ड, विंग अशी फिरत होती ते उत्तम होतं. शेवटी जिंकायची गरज पडली तशी उजव्या बॅकला अडकली.

पुढच्या हंगामासाठी आम्ही याच क्लबमध्ये नाव दिलंय, आणि ते या कोचमुळे. हंगामाबाहेरच्या टूर्नामेंटना मुलगी येणार नाही हे लेखी कळवलंय. सामन्याच्या दिवशीही हेच कोच टचलाइनवर असावेत अशी मागणी आम्ही काही पालकांनी केली आहे, त्यावर क्लबची बैठक व्हायची आहे.