एडी ५८४ चा संदर्भ बोर्ड: जुन्या मल्टिमीटरला पुरतो, पण अक्षर पाहून घ्यावा

साडेतीन आकडी, म्हणजे १९९९ पर्यंतच आकडे दाखवणारा, जुना मल्टिमीटर प्रयोगशाळेत कॅलिब्रेट करून (नेमक्या मापाशी ताडून जुळवून) घ्यायचा, तर तो खर्च बहुधा नव्या मीटरच्या वर जातो. म्हणून मी एडी ५८४ या, ताडून पाहण्यासाठी स्थिर व्होल्टेज देणाऱ्या आयसीवर बांधलेला, २.५, ५, ७.५ आणि १० व्होल्ट देणारा छोटा बोर्ड घेतला. डीसी व्होल्टपुरते माझे काम त्याने भागले, मात्र आयसीवरचे श्रेणीचे अक्षर वाचल्याशिवाय तो घेऊ नये. ‘जे’ श्रेणीत १० व्होल्टला ३० मिलिव्होल्टपर्यंत फरक चालतो, ‘के’ श्रेणीत १० मिलिव्होल्टपर्यंतच. आणि ज्या मीटरची स्वतःची अचूकता जेमतेम अर्धा टक्का, तो ०.३ टक्क्याच्या मापाने तपासला तर चूक नेमकी कोणाची, हेच कळत नाही.

माझ्या वाट्याला ‘जे’ आला. सोबत चारही व्होल्टेजची मोजलेली मूल्ये लिहिलेली चिठ्ठी होती, पण ती कशाने मोजली याचा उल्लेख नव्हता आणि विक्रेत्याने विचारूनही उत्तर दिले नाही. शेवटी मित्राच्या बेंच मीटरवर (टेबलावर ठेवायच्या, जास्त अचूक मीटरवर) ताडून पाहिले, तेव्हा १० व्होल्टला दोनच मिलिव्होल्टचा फरक निघाला.

जुळवणीआधी मीटरची बॅटरी बदलावी. ती उतरलेली असली की आकडे फुगतात आणि आपण विनाकारण प्रीसेट (मीटरमधला, स्क्रूड्रायव्हरने फिरवून जुळवायचा छोटा रेझिस्टर) फिरवत बसतो. २० व्होल्टच्या रेंजवर शेवटचा आकडा १० मिलिव्होल्टचा असल्याने बारीक जुळवणी २ व्होल्टच्या रेंजवरच करावी लागते, आणि नेमका तिथेच हा बोर्ड तोकडा पडतो, कारण त्याचे सर्वांत कमी व्होल्टेज २.५ आहे. मी १ किलोओहमचे, ०.१ टक्क्याचे दोन रेझिस्टर लावून ते निम्मे केले, रेझिस्टरांची अदलाबदल करून पुन्हा मोजले आणि सरासरी धरली, म्हणजे त्या दोघांतला फरक उरत नाही. बोर्डाच्या मोजलेल्या मूल्यानुसार १.२५१ यायला हवे तिथे मीटर १.२३१ दाखवत होता. प्रीसेट इतका खरखरीत झाला होता की स्क्रूड्रायव्हर उचलताच आकडा दोन-तीन घरे सरके. तो बदलून बहुफेरी प्रीसेट बसवला, तेव्हा कुठे आकडा जागेवर राहिला.

एसी आणि करंटसाठी बोर्ड निरुपयोगी आहे. ओहमची रेंज मी त्याच रेझिस्टरांवर पाहिली, तिने ०.९९८ दाखवले, आणि तिला वेगळा प्रीसेट नसल्याने तशीच सोडली.