घरच्या बैठकीत क्राउन एक्सएलएस 1502 : काही महिन्यांच्या वापरानंतर

मांडवात, सभागृहात किंवा मंगल कार्यालयात लोखंडी रॅकमध्ये बसवायचा व्यावसायिक पॉवर ॲम्प्लिफायर घरी संगीत ऐकण्यासाठी वापरावा की नाही, यावर आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एका मते ही यंत्रे कर्कश असतात आणि त्यांचा पंखा गाणे ऐकू देत नाही. दुसऱ्या मते त्याच पैशांत तिप्पट वॅट मिळत असल्याने घरगुती ॲम्प्लिफायर घेणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी आहे. गेल्या पावसाळ्यापासून या उन्हाळ्यापर्यंत असाच एक ॲम्प्लिफायर, क्राउन एक्सएलएस 1502, रोज वापरल्यावर मला दोन्ही मते अर्धवट वाटतात. ताकद स्वस्तात मिळते हे खरे आहे, परंतु घरात त्या ताकदीचा उपयोग होईल की उपद्रव, हे ठरते गेनच्या, म्हणजे ॲम्प्लिफायर आत आलेला संकेत किती पटीने वाढवतो त्याच्या, जुळणीवर, आणि ती जुळणी आपली आपणच करावी लागते.

माझे स्पीकर केईएफचे एलएस50 आहेत. हे 2012 साली आलेले छोटे बुकशेल्फ स्पीकर असून त्यांची संवेदनशीलता (1 वॅट दिल्यावर 1 मीटरवर मिळणारा आवाज) 85 डेसिबल आहे, म्हणजे ती कमीच म्हणायची. नाममात्र रोध 8 ओहम असला, तरी काही वारंवारितांना तो 3.2 ओहमपर्यंत उतरतो. मी साधारण अडीच मीटरवर बसतो. तेथे दोन्ही स्पीकरना प्रत्येकी 1 वॅट दिला तर सुमारे 80 डेसिबल आवाज पोहोचतो. रात्री ऐकतो त्या पातळीला खरे तर पाव वॅटदेखील पुरतो, त्यामुळे 300 वॅट कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सरासरीत नसून शिखरांत आहे. दाबून न टाकलेल्या चांगल्या ध्वनिमुद्रणात क्षणिक शिखर सरासरीच्या 20 डेसिबल वर सहज जाते, आणि 20 डेसिबल म्हणजे शंभरपट ताकद. सरासरी 1 वॅटवर गाणे चालू असताना तबल्याची एखादी खणखणीत थाप 100 वॅट मागते. माझा आधीचा 45 वॅटचा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर त्या क्षणी थकत असे. आवाज फाटत नसे, पण डग्गा आखडल्यासारखा वाटे आणि तानपुरा क्षणभर मागे सरके.

एक्सएलएस 1502 ची कंपनीने जाहीर केलेली क्षमता 8 ओहमला प्रत्येक वाहिनीस 300 वॅट आणि 4 ओहमला 525 वॅट आहे. हा डी वर्गाचा, म्हणजे वीज उष्णतेत फारशी वाया न घालवणाऱ्या रचनेचा, ॲम्प्लिफायर असल्याने इतकी ताकद असूनही वजन 5 किलोंच्या आत आहे. रुंदी मात्र रॅकच्या मापाची, 19 इंच. आमच्या बैठकीतल्या कपाटात तो मावला नाही, म्हणून खाली स्वतंत्र फळी करून घ्यावी लागली. आईने त्याच्याकडे पाहून ‘गणपतीत भाड्याने आणतात तसलाच दिसतोय’ असा शेरा मारला. दिसण्याच्या बाबतीत तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. व्यावसायिक साधनांची संकेतपातळी सुमारे 1.23 व्होल्ट धरलेली असते, तर जुन्या घरगुती साधनांची सुमारे 0.316 व्होल्ट. या तफावतीमुळे ‘व्यावसायिक ॲम्प्लिफायरला घरचा प्रीॲम्प (पॉवर ॲम्प्लिफायरला संकेत देणारे यंत्र) पुरत नाही’ असा समज रूढ झाला आहे. आजच्या डॅकच्या (डिजिटल संगीताचे विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या यंत्राच्या) बाबतीत परिस्थिती नेमकी उलट आहे. माझा डॅक एक्सएलआरमधून (तीन पिनांच्या व्यावसायिक जोडणीतून) 4 व्होल्ट देतो आणि या ॲम्प्लिफायरला पूर्ण ताकदीसाठी 1.4 व्होल्ट पुरतात. नॉब पूर्ण उघडे ठेवून वापरले, तर डॅकचा आवाज सतत खूप खाली ठेवावा लागतो, डॅकचा स्वतःचा सूक्ष्म खरखराट पूर्ण वाढून स्पीकरपर्यंत येतो, आणि कोणी चुकून आवाज पूर्ण केला तर नाजूक स्पीकर जळण्याची भीती राहते ती वेगळीच. ॲम्प्लिफायरच्या संवेदनशीलतेसाठी, म्हणजे पूर्ण ताकदीला लागणाऱ्या संकेतासाठी, 0.775 व्होल्टचाही पर्याय आहे. घरी तो वापरण्याचे मला काही कारण दिसत नाही.

केईएफने या स्पीकरसाठी 100 वॅटपर्यंतचा ॲम्प्लिफायर सुचवलेला आहे. 8 ओहमला 100 वॅट म्हणजे 28.3 व्होल्ट. डॅक पूर्ण उघडा असताना, 4 व्होल्ट आत जात असताना, बाहेर एवढेच व्होल्ट यावेत असे मी ठरवले. म्हणजे गेन सातपट, किंवा सुमारे 17 डेसिबल. मुळात तो 30 डेसिबलच्या आसपास असल्याने पुढच्या नॉबने 13 डेसिबल कमी करणे आले. नॉबवरच्या खुणांवर विसंबण्याऐवजी स्पीकरच्या तारा सोडवल्या, 50 हर्ट्झचा सलग सूर डॅकमधून उणे 20 डेसिबलवर चालवला आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याच्या पिना ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलना लावल्या. डावा नॉब एकेक टिचकी फिरवत आकडा 2.83 व्होल्टच्या जवळ आणला आणि उजवा त्याच आकड्यापर्यंत नेला. दोन्ही नॉब दिसायला सारख्या जागी असूनही मीटरवरचे आकडे थोडे वेगळे येतात, म्हणून कानाने किंवा नजरेने जुळवणी करू नये. एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: नॉब कमी केल्याने ॲम्प्लिफायरची कमाल ताकद घटत नाही, त्या ताकदीपर्यंत पोहोचायला लागणारा संकेत तेवढा वाढतो. आतला पीकएक्स प्लस लिमिटर (संकेत मर्यादेबाहेर गेल्यास तो आवरणारी सोय) मी सुरूच ठेवला आहे, पण या जुळणीनंतर त्याला घरात काम उरलेले नाही.

या एका कामाने जो फरक पडला तो केबल बदलून कधीच पडला नसता. आता गाणे बंद असताना कान ट्विटरपासून (स्पीकरमधल्या उंच स्वरांच्या भागापासून) वीतभर अंतरावर नेला, तरच बारीक ‘स्स्’ ऐकू येते. तेवढा खरखराट ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आहे आणि नॉबने तो जात नाही. बैठकीच्या जागी काहीही पोहोचत नाही.

दुसरा उपद्रव घुमण्याचा. टीव्ही आरसीएने (घरगुती साधनांच्या साध्या गोल जोडणीने) जोडला की स्पीकरमधून मंद ‘घुं’ सुरू होत असे, कारण केबलवाल्याची तार आणि ॲम्प्लिफायरचे अर्थिंग यांच्यात वेटोळे तयार होत होते. अशा वेळी तीन पिनच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो जिवावर बेतू शकतो, म्हणून कोणीही पाळू नये. टीव्ही ऑप्टिकल केबलने डॅकला जोडला. तिच्यातून प्रकाश जातो, विजेचा संबंध राहत नाही, त्यामुळे घुमणे तिथेच थांबले. डॅक ते ॲम्प्लिफायर हा टप्पा एक्सएलआरवर ठेवला. ज्यांच्याकडे केवळ आरसीए आहे त्यांनी केबल करून घेताना आरसीएची मधली तार एक्सएलआरच्या 2 क्रमांकाच्या पिनला आणि परतीची तार 3 ला डाग देऊन घ्यावी. बाहेरची जाळी 1 ला जोडावी आणि दुसऱ्या टोकाला आरसीएच्या कडेला मिळवावी.

पंख्याविषयी. मित्राकडून काही दिवसांसाठी आणलेल्या दुसऱ्या एका कंपनीच्या जुन्या धाटणीच्या ॲम्प्लिफायरचा पंखा एकाच वेगाने अखंड फिरत असे, आणि आलापीत दोन स्वरांमधल्या जागा तोच भरून काढत असे. तो मी परत केला. एक्सएलएसमध्ये पंख्याचा वेग तापमानानुसार बदलतो. घरच्या पातळीला यंत्र फारसे तापत नाही, त्यामुळे हिवाळ्यात तो असल्याची जाणीवही झाली नाही. पुण्यातल्या एप्रिलमध्येही छताचा पंखा बंद केल्याशिवाय काही कळत नाही. मात्र यंत्र बंद कपाटात कोंबू नये. आतला पंखा काढून कमी आवाजाचा बसवण्याचे प्रयोग लोक करतात. वॉरंटी जाते हे एक, आणि प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज काही काळ राहते हे दुसरे.

आवाजाच्या ‘गोडव्या’विषयी लिहिण्यासारखे माझ्याकडे फार थोडे आहे. हा ॲम्प्लिफायर स्वतःचा रंग चढवत नाही असेच मी म्हणेन. विलंबित खयालात गायकाने स्वर लावून हळूहळू वाढवत नेला की पूर्वी जो ताण जाणवे तो आता जाणवत नाही, आणि समेवरची थाप आली तरी तानपुरा जागचा हलत नाही. कमी आवाजात, जिथे पाव वॅटही लागत नाही, तिथे आधीच्या ॲम्प्लिफायरपेक्षा हा सरस आहे असे छातीठोकपणे मी सांगू शकत नाही.

रोजच्या वापरातल्या अडचणी लहान आहेत, पण आहेत. रिमोट नाही. डॅकबरोबर आपोआप सुरू होण्याची सोय मी करू शकलो नाही, म्हणून ॲम्प्लिफायर शेवटी सुरू करायचा आणि सगळ्यात आधी बंद करायचा हा क्रम घरातल्या सगळ्यांना शिकवावा लागला. मागे स्पीकॉन (व्यावसायिक स्पीकरची जोडणी) आणि साधी टर्मिनल दोन्ही आहेत, त्यामुळे घरची तार चालते. ब्रिज पद्धतीच्या, म्हणजे दोन्ही वाहिन्या मिळून एकच स्पीकर चालवण्याच्या, वाटेला घरी कोणी जाऊ नये. सबवूफर घेईन तेव्हा आतल्या क्रॉसओव्हरचा (खालचे आणि वरचे सूर वेगळे करणाऱ्या सोयीचा) उपयोग करीन. सध्या तो बंद आहे.

ही शिफारस स्पीकर पाहूनच करता येते. 84 ते 88 डेसिबलचे, ताकद मागणारे स्पीकर असतील आणि मल्टिमीटर हातात धरायची तयारी असेल, तर एवढ्या पैशांत याच्या जवळपासचे घरगुती काही मला सापडले नाही. हॉर्नचे, 95 डेसिबलच्या वरचे स्पीकर असतील, तर माझ्याकडे वीतभर अंतरावर ऐकू येणारे ते ‘स्स्’ तिथे खुर्चीपर्यंत येऊ शकेल. त्यांनी हायपेक्स किंवा प्युरिफाय या कंपन्यांच्या तयार ॲम्प्लिफायर मॉड्यूलवर बांधलेला, कमी गेनचा, पंखा नसलेला ॲम्प्लिफायर जास्त पैसे देऊन घ्यावा.