ट्रेल कॅमेरा: मेगापिक्सेल विसरा, खोड बघा

कोकणात नव्याने राहायला आलात आणि रात्री आगरात कोण फिरतं हे बघायचं असेल, तर ऑनलाइन मिळणारा दहा हजारांच्या आतला ट्रेल कॅमेरा, म्हणजे झाडाला बांधून ठेवायचा आणि समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, पुरेसा आहे. खोक्यावरचा २४ नाहीतर ३६ मेगापिक्सेलचा आकडा मात्र मनावर घेऊ नका. आतला फोटो टिपणारा सेन्सर बहुधा त्याहून बराच लहान असतो, उरलेले पिक्सेल सॉफ्टवेअर फुगवून भरतं. सेटिंग ५ किंवा ८ वर ठेवलं तर फोटोत काही उणं पडत नाही. उलट कार्ड पुरतं आणि पुढचा फोटो लवकर निघतो.

घेताना बघायचा तो रात्रीचा दिवा, म्हणजे इन्फ्रारेड एलईडी. ८५० नॅनोमीटरचे एलईडी लांबवर पोचतात, पण लालसर मिणमिणताना दिसतात. ९४० चे दिसत नाहीत, पल्ला मात्र कमी. परसात जनावर पाच-सहा मीटरच्या आतूनच जातं, म्हणून ९४० चाच घ्यावा. चोरालाही तो दिसत नाही, हा वरचा फायदा.

डबल-ए आकाराचे बहुधा आठ सेल लागतात, आणि कॅमेरा बिघडल्याच्या बऱ्याच तक्रारी तिथूनच सुरू होतात. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा. दिवसा सगळं ठीक चालतं. रात्री एलईडी एकदम पेटले की व्होल्टेज कोसळतं आणि कॅमेरा बंद पडतो. दीड व्होल्टचे लिथियम सेल उत्तम, पण महाग आणि गावच्या दुकानात मिळणं कठीण. चांगले अल्कलाइन चालतात. जुने-नवे एकत्र घालू नका. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

आता जागा. पोफळीला बांधाल तर वाऱ्यात खोड डुलतं आणि कार्डावर हजारभर रिकामे फोटो येतात. फणसाचं किंवा आंब्याचं जाड खोड निवडा. उंची ४५ ते ६० सेंटीमीटर, तोंड उत्तरेला, समोरचं तीन मीटर गवत काढलेलं. हालचाल ओळखणारा सेन्सर आडव्या हालचालीला लवकर जागा होतो, समोरून चालत येणाऱ्याला उशिरा. पायवाटेवर सरळ रोखलात तर बहुतेक शेपट्याच मिळतील, म्हणून कॅमेरा वाटेला तिरका लावा. दीड मीटरच्या आत आलेलं जनावर दिव्याने पांढरंफटक होतं.

मार्च ते मे या महिन्यांत दुपारी काही टिपलं जात नसेल तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. सेन्सर अंगाच्या आणि भोवतालच्या तापमानातला फरक ओळखतो, आणि तापलेल्या जमिनीपुढे तो फरकच उरत नाही. अशा वेळी टायमर संध्याकाळी ६ ते सकाळी ६ आणि संवेदनशीलता ‘हाय’ ठेवा. साप याच कारणाने जवळजवळ कधीच टिपला जात नाही. त्यामुळे फोटोत दिसला नाही म्हणून हातात टॉर्च घेतल्याशिवाय अंगणात उतरू नका.

पावसाळा ही या कॅमेऱ्यांची खरी कमजोरी. झाकणाच्या रबरी कडेत मुंगी किंवा मातीचा कण अडकला तरी ओल आत शिरते. दर वेळी कड पुसा, आत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि वर पत्र्याची छोटी पडवी करा. मुसळधार पावसात दिव्याचा उजेड थेंबांवरूनच परत येतो. तेव्हा कॅमेरा काढून घरात ठेवलेला बरा.

रात्रीचे फोटो कृष्णधवल असतात, म्हणून शेपटी बघायला शिका. शेपटीवर ठळक कडी असतील तर जवादी मांजर. कडी नाहीत आणि डोळ्यांभोवती काळा मुखवटा आहे, तर कांडेचोर. कोल्ह्याची शेपटी झुपकेदार, टोकाला काळी आणि खाली लोंबणारी. गावठी कुत्र्याची बहुधा वर वळलेली. माशांची खरकटी टाकून जनावरं बोलावू नका: आधी कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. तो फोटोत आलाच तर गावच्या ग्रुपवर टाकण्याआधी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. खवले मांजर आलं तर फोटो जागेच्या नावासकट कुठेही टाकू नका, तस्कर हीच माहिती शोधत असतात. आणि कॅमेरा आपल्याच हद्दीत लावा. वनजमिनीवर परवानगी लागते.

फक्त पक्षी बघायचे असतील तर हा घेऊ नका. छोट्या पक्ष्याला सेन्सर क्वचितच जागा होतो. तेवढ्याच पैशांत ८ बाय ४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण जास्त कामाची.