दंडवत प्रणाम, सर

फोन उचलला की त्या पुस्तकविक्रेत्याकडून आधी हेच यायचं, "दंडवत प्रणाम, सर." महानुभाव पंथाची मंडळी एकमेकांना असंच म्हणतात. मी तिथंच विरघळलो.

मी परभणीचा, निवृत्त मराठीचा मास्तर. वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र, म्हणजे पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणींचा जुना मराठी ग्रंथ, आपल्या कपाटात असावं, ही जुनी हौस. राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळानं ते १९७८ साली काढलं. त्यातल्या काही लीळांवरून, म्हणजे स्वामींच्या प्रसंगांवरून, पंथातल्या लोकांनी आक्षेप घेतले, प्रकरण कोर्टात गेलं. स्वामींची शिष्या बाईसा पैठणची, म्हणजे आपल्याच गोदाकाठची. तिच्या लीळा घरी बसून वाचाव्यात, एवढंच मनात होतं. दुकानांत, रद्दीवाल्यांकडे, सगळीकडे विचारून झालं होतं. कुणीतरी माझा नंबर या माणसाला दिला.

"एका वारलेल्या प्राध्यापकांचा संग्रह आहे, सर. तीन हजार आठशे. पण कुठं बोलू नका, विषय नाजूक आहे."

हे 'कुठं बोलू नका' त्याचं खरं हत्यार होतं, हे आता कळतंय. वादाचं पुस्तक म्हटल्यावर मलाही ते पटलं. नाहीतर कॉलेजातल्या एखाद्या जुन्या सहकाऱ्याला नुसतं विचारलं असतं तरी भागलं असतं. फोटो आले, मुखपृष्ठाचा आणि आतल्या पानाचा. दोन्हींत उजव्या कोपऱ्यावर त्याचा अंगठा. मला वाटलं, माणूस पुस्तक जपून धरतोय.

पैसे पाठवले. तिसऱ्या दिवशी परत फोन. त्याच संग्रहात सकळ लिपीतली हस्तलिखित पोथी निघाली म्हणे, फक्त तीन हजार. पंथानं ग्रंथ ज्या सांकेतिक लिपीत शतकानुशतकं झाकून ठेवले आणि ज्या लिपीचं कोडं इतिहासाचार्य राजवाड्यांनी सोडवलं, तिची पोथी तीन हजारांत! बायको म्हणाली, "इतकी अमोल वस्तू हा तुम्हालाच का देतोय?" मी तिच्यावरच खेकसलो.

पार्सल आलं. पुस्तक म्हणजे झेरॉक्सचा गठ्ठा, वर रंगीत कव्हर चिकटवलेलं, मधली पानं गायब. अंगठा होता त्या कोपऱ्यात कुठल्याशा वाचनालयाचा अर्धवट खोडलेला शिक्का. फोटो मागवाल तर अंगठा बाजूला घ्यायला सांगा. आणि व्हिडिओ कॉलवर पानं उलटून दाखव म्हणा, पैसे त्यानंतर.

पोथी मात्र खरोखर जुनी होती. सकळ लिपीचा तक्ता घेऊन चार रात्री बसलो, एक शब्द लागेना. लागणार कसा? त्या लिपीत बहुतेक देवनागरीच अक्षरं असतात, एकाच्या जागी दुसरं घातलेलं. हे तर वेगळंच वळण होतं. शेवटी चुलते अण्णांपुढं ती पोथी ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, दोन ओळी वाचल्या आणि हसायलाच लागले. "अरे, ही मोडी आहे. कुणातरी सावकाराचं खातं आहे हे."

विक्रेत्याचा फोन तोवर बंद. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण मला कधीच पटली नाही. मानभाव म्हणजे महानुभावच. अहिंसा पाळणाऱ्या माणसांवर ती उगाच चिकटवलीय. या गड्याचा तर पंथाशी काडीचाही संबंध नसावा, नमस्कार तेवढा उचलला.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. त्याच दिवशी कळवलं तर पैसे पुढं सरकायच्या आत अडवता येतात. मी शरमेनं अकरा दिवस घालवले होते. सहा हजार आठशे गेले ते गेलेच. पुढच्या महिन्यात संभाजीनगरला एका ग्रंथालयात तेच पुस्तक दोन दिवस बसून वाचलं, फुकट.

वही अण्णांनी ठेवून घेतलीय. रोज दुपारी वाचतात. कुणा सखारामकडं अडीच मण ज्वारीची बाकी आहे म्हणे, अजून फिटलेली नाही.